वाचकांचे प्रश्न: तिरंगा, मतपेटी आणि मिस्सा

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी देश आणि धर्म यांच्या सीमेवर घोटाळणारी आहेत. पत्रं थोडी आटोपशीर करून छापली आहेत, आणि मागितल्याप्रमाणे नावं गाळली आहेत.

प्रश्न: आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) १५ ऑगस्टला मिस्सा (चर्चमधली ख्रिस्तप्रसादाची उपासना) आणि झेंडावंदन एकाच सकाळी असतं. यंदा युवक मंडळाची सूचना आहे की वेदीला तिरंगी कापड लावायचं, फादरांनी तिरंगी स्टोल (विधीच्या वेळी गळ्यात घालायची पट्टी) घालायची आणि ख्रिस्तप्रसादानंतर सगळ्यांनी उभं राहून राष्ट्रगीत म्हणायचं. काही ज्येष्ठांना हे पटत नाही. नाही म्हटलं तर देशप्रेम कमी पडल्यासारखं होतं का? (वसई)

ज्येष्ठांचं बरोबर आहे. गंमत म्हणजे चर्चच्या नियमांआधी देशाचा नियमच त्यांच्या बाजूने उभा राहतो. भारतीय ध्वजसंहिता २००२ नुसार राष्ट्रध्वज कशावरही पांघरता येत नाही; शासकीय, लष्करी आणि निमलष्करी अंत्यविधी एवढाच अपवाद. भाषणाच्या टेबलावर तो अंथरायचा नाही, व्यासपीठाला झालरीसारखा गुंडाळायचा नाही. वेदीवर घातलेला तिरंगा म्हणजे ध्वजाचा मान नव्हे, ध्वजाचा टेबलक्लॉथ. नुसतं तीन रंगांचं, चक्र नसलेलं कापड ध्वज ठरत नाही असा युक्तिवाद होईल. पण मग मिस्साविधीची मार्गदर्शिका आडवी येते: वेदीवर मिस्सेला लागतं तेवढंच ठेवायचं. स्टोलचंही तेच. १५ ऑगस्ट हा मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सोहळा आहे, त्या दिवशीचा रंग पांढरा. तिरंगी स्टोल कुठल्याच दिवशीच्या यादीत नाही.

राष्ट्रगीत जरूर म्हणा, पण ख्रिस्तप्रसादानंतर नको. ती वेळ शांत उपकारस्तुतीची आहे. क्रम असा ठेवा: मिस्सेत विश्वासू जनांच्या प्रार्थनांमध्ये देशासाठी, सत्तेवरच्या लोकांसाठी आणि सीमेवरच्या जवानांसाठी एकेक विनंती. ख्रिस्तप्रसादानंतरची प्रार्थना झाली की निवेदनं असतात, तिथे "आशीर्वादानंतर सगळ्यांनी अंगणात यावं" एवढंच सांगा. मग आशीर्वाद, निरोप, आणि सगळे बाहेर. साडेसहाची मिस्सा असेल तर पावणेआठपर्यंत लोक ध्वजस्तंभापाशी जमतात. राष्ट्रगीताला सुमारे ५२ सेकंद लागतात. ते कोयरच्या तालावर लांबवू नका. ऑर्गनवर चार आवाजांत बसवलं की दीड मिनिटाचं होतं आणि लोक मध्येच गप्प बसतात.

आता स्तंभाकडे पाहा, कारण खरी चूक बहुतेक वेळा तिथे होते. ध्वजस्तंभावर किंवा त्याच्या टोकावर फुलं, हार, बोधचिन्ह यांतलं काहीही लावायचं नसतं. चर्चच्या अंगणातल्या काही खांबांच्या टोकाला कायमचा छोटा क्रूस बसवलेला असतो. तो क्रूस जागेवर असेपर्यंत त्या खांबावर तिरंगा फडकवू नका. एक दिवसासाठी वेगळा साधा पाइप रोवा. झेंडूची माळ खांबाला गुंडाळण्याची हौस असेल तर ती खाली चौथऱ्याभोवती रांगोळीत घालवा. ध्वजाच्या घडीत फुलांच्या पाकळ्या ठेवायला मात्र राष्ट्रीय दिवशी परवानगी आहे. चर्चचा पिवळा-पांढरा झेंडा त्याच खांबावर किंवा तिरंग्याच्या खांद्याला खांदा लावून नको. केशरी पट्टा वर आहे ना, ते आदल्या संध्याकाळी घडी घालतानाच दोघांनी पाहावं. सकाळी गडबडीत दोरी उलटी बांधली जाते आणि मग मोबाइलवर चित्र फिरतं. ध्वज झपकन चढवायचा, उतरवताना सावकाश. मुलांना वाटलेले कागदी झेंडे कार्यक्रम संपल्यावर गोळा करायला दोन टोपल्या आणि दोन माणसं ठेवा. जमिनीवर पडू द्यायचे नाहीत, आणि विल्हेवाट खासगीत, मान राखून लावायची.

ध्वज फादरांनीच फडकवायला हवा असं कुठेही लिहिलेलं नाही. धर्मग्रामात निवृत्त जवान असेल तर त्यांना बोलवा. नाहीतर शाळेतल्या शिपाईकाकांना. फादरांना एक दिवस रांगेत उभं राहू द्या.

एक हिशेब लक्षात ठेवा. २०२६ मध्ये १५ ऑगस्ट शनिवारी येतो. स्वर्गोन्नयन जिथे मिस्साबंधनाचा (मिस्सेला जाणं बंधनकारक असलेला) सण आहे तिथे सणाची एक आणि रविवारची एक अशा दोन मिस्सा होतात. शनिवारी संध्याकाळची एकच मिस्सा दोन्ही खात्यांवर जमा होत नाही.

प्रश्न: गेल्या निवडणुकीच्या आधीच्या रविवारी एका धर्मगुरूंनी प्रवचनात एका पक्षाचं नाव घेऊन "यांना मत देणं पाप आहे" असं सांगितलं. मी त्याच पक्षाला मत दिलं. मी पापनिवेदन करावं का? (नालासोपारा)

पक्षाचं नाव घेऊन पाप ठरवण्याचा अधिकार प्रवचनाला नाही, त्यामुळे केवळ त्या वाक्याचं उल्लंघन केलं म्हणून पापनिवेदन नको. मत कशासाठी दिलं हे मात्र तुमचं तुम्ही तपासा. एखाद्या समाजाला धडा शिकवण्यासाठी दिलं असेल, किंवा पैसे घेऊन दिलं असेल, तर ते सांगावं लागेल, मग पक्ष कुठलाही असो.

त्या प्रवचनाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण अशी पत्रं चार धर्मग्रामांतून आली आहेत.

देशाचा कायदा: मतदाराला "देवाचा कोप होईल" किंवा "धर्मातून बाहेर पडशील" अशी भीती घालणं हा लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम १२३ खाली गैरप्रभाव आहे. उमेदवाराच्या संमतीने तसं झाल्याचं सिद्ध झालं तर निवडणूकच रद्द होऊ शकते. अशी भीती घालणं भारतीय न्याय संहितेतही गुन्हा आहे. धर्माच्या नावाने मत मागण्यालाही कलम १२३ मध्येच मनाई आहे. २ जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी चार विरुद्ध तीन मतांनी ती मनाई मतदाराच्या धर्मालाही लागू केली. तो खटला मुंबईतल्या सांताक्रूझच्या १९९० च्या निवडणुकीतून उभा राहिला होता, म्हणजे आपल्या शेजारचाच. शिवाय धार्मिक संस्था (दुरुपयोग प्रतिबंध) कायदा १९८८ आहे: चर्चची जागा राजकीय प्रचाराला वापरू दिली तर व्यवस्थापकाला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. इथे व्यवस्थापक म्हणजे बहुधा प्रमुख धर्मगुरूच.

चर्चचा कायदा: कॅनन (कलम) २८५ धर्मगुरूला सत्तेचं पद घेऊ देत नाही. कॅनन २८७ पक्षात सक्रिय भाग घेऊ देत नाही. चर्चच्या हक्कांसाठी किंवा लोकहितासाठी गरज असल्याचं योग्य अधिकाऱ्याने ठरवलं, तरच सूट. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये स्पष्ट म्हटलं की ख्रिस्तसभा कुठल्याही राजकीय व्यवस्थेशी बांधलेली नाही.

म्हणून धर्मगुरूंनी गप्प बसायचं, असा याचा अर्थ नाही. पाणी, जमीन, बेकायदा बांधकाम, गरिबांचे हाल यांवर बोलायलाच हवं. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या माध्यमातून पाणी आणि हिरवळीसाठी लढा उभारला. तो नागरिकांचा लढा होता, त्यात सगळ्या धर्मांचे शेतकरी होते, आणि तो पक्षाच्या तिकिटावर लढला गेला नाही. अंतर इथे मोजायचं: प्रश्नाचं नाव घ्या, पक्षाचं नको.

निवडणुकीच्या काळात पॅरिश कौन्सिलने एवढं पाळावं. उमेदवाराचा फलक आवारात नको, कुंपणाच्या आतल्या बाजूनेही नको. सणाच्या मिस्सेला उमेदवार आला तर तो इतरांसारखा बाकावर बसेल. निवेदनात नाव, शाल, श्रीफळ काही नाही. "विजयासाठी मिस्सा" मागितली तर हेतू स्वीकारा, पण जाहीर वाचू नका. उमेदवाराच्या कुटुंबासाठी प्रार्थना हवीच, प्रचार नको. सर्व उमेदवारांना एकत्र बोलावून प्रश्नोत्तरं घ्यायची असतील तर चर्चचा हॉल टाळा, गावातलं सार्वजनिक सभागृह भाड्याने घ्या. १९८८ च्या कायद्यात "सगळ्यांना बोलावलं होतं" ही सबब चालेलच असं नाही. धर्मग्रामाच्या व्हॉट्सॲप गटावर प्रचाराचा संदेश आला तर ॲडमिनने लगेच काढावा. आणि अंगणातले पेव्हर ब्लॉक नगरसेवक निधीतून बसवून घेण्याआधी दोनदा विचार करा. ते बसतात एका आठवड्यात, पण त्यावरची पाटी तीन निवडणुका टिकते.

प्रश्न: आमच्या मतदारसंघात एक उमेदवार कॅथलिक आहे, पण त्याच्यावर गुन्हे दाखल आहेत. दुसरा कामाचा माणूस आहे, पण त्याच्या पक्षाची गर्भपाताबाबतची आणि फाशीबाबतची भूमिका चर्चच्या शिकवणीविरुद्ध आहे. नोटा दाबावं का? (विरार)

आडनाव बघून मत देणं हा आपल्या भागातला जुना आजार. "आपला माणूस" हा निकष चर्चने कधीच दिलेला नाही.

आधी कागद वाचा. प्रत्येक उमेदवाराला फॉर्म २६ मध्ये शपथपत्र द्यावं लागतं: प्रलंबित खटले, शिक्षा, मालमत्ता, कर्ज. ते निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर पाहायला मिळतं. गुन्हे असलेल्या उमेदवाराला प्रचारकाळात तीन वेळा वर्तमानपत्रात आणि वाहिनीवर तशी जाहिरात द्यावी लागते. कलमं पाहा. रास्ता रोको केल्याचा गुन्हा आणि खंडणीचा गुन्हा एका रांगेत बसत नाहीत.

मग दुसऱ्या उमेदवाराकडे या. कॅथलिक नीतिशास्त्रात वाईटाला साथ देण्याचे दोन प्रकार मानतात. वाईट हवं आहे म्हणूनच साथ देणं, हे कधीच चालत नाही. वाईट नको असताना, दुसऱ्या भल्या कारणासाठी दिलेल्या मदतीतून ते दूरवरून घडणं, हे तेवढंच वजनदार कारण असेल तर चालू शकतं. कार्डिनल रॅट्झिंगर (पुढे पोप बेनेडिक्ट सोळावे) यांनी २००४ मध्ये मतदानाबाबत हाच भेद मांडला होता. म्हणजे गर्भपाताला पाठिंबा देण्यासाठी मत दिलं तर चूक. त्याला विरोध कायम ठेवून दुसऱ्या गंभीर कारणासाठी दिलं तर ते कारण किती गंभीर, हे तुमच्या सद्सद्विवेकाने तोलायचं. गटार दुरुस्ती हे तेवढं वजनदार कारण नव्हे. निरपराधांचे जीव वाचणं हे असू शकतं. शिवाय पद कुठलं आहे तेही पाहा: गर्भपाताचा कायदा संसद करते, महापालिका नाही. नगरसेवकाला त्या तराजूत तोलून फायदा नाही. त्याच्याकडे नळाचं पाणी आणि कचऱ्याचे डंपर आहेत.

फाशीबाबत २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कॅटेकिझमचा (चर्चच्या शिकवणीच्या अधिकृत ग्रंथाचा) परिच्छेद २२६७ बदलून ती अस्वीकार्य ठरवली. म्हणजे गर्भपाताला विरोध आणि फाशीला टाळ्या, अशी सोयीची जोडी कॅथलिकाला लावता येत नाही.

नोटा पाप नाही. पण विधानसभा-लोकसभेत नोटाला कितीही मतं पडली तरी उमेदवारांतला पुढचाच निवडून येतो. दोघांतला कमी घातक कोण हे कळत असेल तर नोटा दाबणं म्हणजे ते ठरवायचं काम शेजाऱ्यावर टाकणं.

प्रश्न: माझ्या बहिणीला ग्रामपंचायतीची निवडणूक लढवायची आहे. तिला तीन मुलं, धाकटा २०१६ चा. अर्ज बाद होईल म्हणतात. चर्चची शिकवण पाळली म्हणून शिक्षा, हा अन्याय नाही का? (पालघर जिल्हा)

अर्ज बाद होईल. महाराष्ट्रातल्या स्थानिक संस्थांना लागू असलेल्या नियमाप्रमाणे १२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेल्या अपत्यामुळे संख्या दोनच्या वर गेली की उमेदवार अपात्र. नियम पुरुषांनाही तेवढाच लागू आहे. पहिलं एक मूल असताना दुसऱ्या बाळंतपणात जुळं झालं तर ते एकच धरलं जातं. पण दोन मुलांनंतर जुळं झालं तर सुटका नाही. तिसरं मूल दत्तक दिलं तरी उपयोग नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ओडिशाच्या एका प्रकरणात तसं स्पष्ट केलं आहे. हरियाणाचा असाच नियम २००३ मध्ये न्यायालयाने वैध ठरवला होता.

अन्याय वाटणं समजतं. पण एक गोष्ट बाजूला काढा: चर्चने तीन मुलं झालीच पाहिजेत असं कुठे सांगितलेलं नाही. पोप सहावे पॉल यांनी १९६८ मध्ये जबाबदार पालकत्वाबद्दल लिहिलं तेव्हा संख्या पती-पत्नीच्या विवेकावर सोडली. हरकत घेतली ती कृत्रिम साधनांना. म्हणून या नियमाला कॅथलिक म्हणून विरोध करायचा असेल तर तो "आमचा धर्म" म्हणून नव्हे, कुटुंबाच्या आकारावर राज्याने पद तोलू नये म्हणून करा. तो विरोध जाहीरपणे, निवेदन देऊन, आमदाराला भेटून करता येतो. राज्याचा चुकीचा कायदा बदलायला झटणं हीही देशसेवाच.

दोन वाटा मात्र बंद समजा. जन्मदाखला लपवून खोटं शपथपत्र देणं हे कायद्याने आणि धर्मानेही चूक. आणि ज्यांच्या पोटात तिसरं आहे अशा बायकांना "सरपंचपदासाठी" गर्भपात सुचवणारे घरातलेच भेटतात, हे आम्हाला आलेल्या दोन पत्रांवरून कळतं. तिथे थांबून ठाम नाही म्हणा.

बहीण पात्र असती तर एवढंच सुचवलं असतं: कॅनन २२७ प्रमाणे राजकारण हा प्रापंचिकांचा (धर्मगुरू नसलेल्या सामान्य श्रद्धावंतांचा) हक्क आहे, फक्त स्वतःचं मत चर्चचं मत म्हणून विकायचं नाही. ती धर्मशिक्षण वर्ग घेत असेल किंवा पॅरिश कौन्सिलवर असेल तर अर्ज भरल्यापासून निकालापर्यंत तिथून सुट्टी घेणं बरं.

प्रश्न: ऑफिसात दरवर्षी सत्यनारायण असतो, सोसायटीत गणपती. मी सोसायटीचा सेक्रेटरी आहे. वर्गणी, आरती, प्रसाद यांत कुठे थांबायचं? (ठाणे)

वर्गणी द्या. मंडळाच्या रक्तदान शिबिराला, मुलांच्या स्पर्धांना, महाप्रसादाच्या जेवणाला म्हणून दिली तर मनालाही सोपं जातं. सेक्रेटरी म्हणून सर्वसाधारण सभेने मंजूर केलेल्या खर्चाच्या चेकवर सही करणं हे कारकुनी काम आहे, पूजा नाही.

आरतीला उभे राहा. आदराने, मोबाइल खिशात ठेवून. स्वतः आरती ओवाळणं, पूजेला यजमान म्हणून बसणं, संकल्प सोडणं हे उपासनेचं कृत्य आहे. ते नम्रपणे टाळा. आदल्या दिवशीच सांगा, "यजमान म्हणून दुसऱ्या कुणाला बसवा, बाकी धावपळ माझ्याकडे". ऐनवेळी ताम्हनासमोर नाही म्हणणं यजमानालाही जड जातं.

प्रसादावर सर्वांत जास्त भांडणं होतात. संत पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या आठव्या आणि दहाव्या अध्यायात नेमका हाच प्रश्न आहे. त्याचं म्हणणं दोन टप्प्यांचं: मूर्तीला काही सामर्थ्य नाही, म्हणून अन्न हे अन्नच, बाजारात मिळतं ते चौकशी न करता खा. पण हे मूर्तीला वाहिलेलं आहे असं कुणी सांगितलं आणि त्याचा विवेक दुखावणार असेल, तर त्याच्यासाठी खाऊ नका. आपल्या ऑफिसात सगळ्यांनाच माहीत असतं ते काय आहे. तेव्हा निर्णय यावर: तुम्ही घेतल्याने शेजारच्या टेबलावरच्या नव्या कॅथलिक मुलाचा गोंधळ होणार आहे का? होणार असेल तर नका घेऊ. केवळ शेजारधर्म म्हणून द्रोण पुढे आला असेल आणि तुमच्या मनात त्याचा उपासनेशी संबंध नसेल, तर धर्मगुरूंमध्येही दोन मतं दिसतात. आमचा कल घेण्याकडे नाही, पण घेणाऱ्याला पापी म्हणण्याकडेही नाही. नाकारायचं तर "आज नको, धन्यवाद" पुरतं. चारचौघांत पहिल्या आज्ञेवर भाषण देऊ नका.

प्रश्न: वडिलोपार्जित जमीन विकतोय. घेणारा म्हणतो, कागदावर ३० लाख, २० लाख रोख. सगळेच करतात. यात धर्माचा काय संबंध? (वसई)

कॅटेकिझमचा परिच्छेद २२४० कर भरणं, मतदान करणं आणि देशाचं रक्षण करणं या तिघांना एका दमात नैतिक कर्तव्य म्हणतो. परिच्छेद २४०९ करचुकवेगिरीला सातव्या आज्ञेखाली टाकतो, म्हणजे "चोरी करू नकोस" या आज्ञेखाली. १५ ऑगस्टला झेंड्यापुढे छाती काढून उभं राहणाऱ्याने हा संबंध लक्षात ठेवावा.

व्यवहारही तोट्याचा आहे. स्थावर मालमत्तेच्या सौद्यात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर आयकर खातं रोख घेणाऱ्याकडून, म्हणजे तुमच्याकडून, तेवढ्याच रकमेचा दंड मागू शकतं. २० लाख रोख, २० लाख दंड. महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क करारातली किंमत किंवा सरकारी बाजारमूल्य यांतल्या जास्त आकड्यावर लागतं, म्हणून किंमत कमी दाखवून तिथेही फारसं वाचत नाही. आणि घेणारा उद्या विकायला निघाला की त्याची खरेदी ३० लाखांची, नफा फुगलेला. तेव्हा तोही तुम्हाला दुवा देणार नाही.

आधीच असा व्यवहार झाला असेल तर पापनिवेदनाबरोबर भरपाईही लागते. संबंधित आकारणी वर्ष संपल्यापासून चार वर्षांपर्यंत अद्ययावत विवरणपत्र भरता येतं. जादा कर उशिराप्रमाणे २५ टक्क्यांपासून ७० टक्क्यांपर्यंत चढत जातो. चार्टर्ड अकाउंटंटकडे आधी जा. आणि त्या रोख पैशातून चर्चला कमान बांधून देण्याचा विचार असेल तर तो सोडा. राज्याचं देणं देवाच्या नावावर फिरवता येत नाही. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला आयकरात सूटही मिळत नाही.

प्रश्न: पोर्तुगीज पासपोर्ट घेतला तर देशद्रोह होतो का? आणि मतदार यादीत नाव तसंच राहिलं तर? (म्हापसा)

गोव्यात १९ डिसेंबर १९६१ पूर्वी जन्मलेल्यांच्या घरात हा प्रश्न जेवणाच्या टेबलावर असतो. देशद्रोह नाही, पापही नाही. पोटासाठी देश बदलण्याचा हक्क चर्च मानते. पण दोन ताटांत जेवता येत नाही. नागरिकत्व कायदा १९५५ च्या कलम ९ प्रमाणे स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं. भारतीय पासपोर्ट परत करायचा आणि मतदार यादीतून नाव वगळायला फॉर्म ७ भरायचा. ओसीआय कार्डावर (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं त्या) मत देता येत नाही. जुन्या ओळखपत्रावर ग्रामसभेला आणि मतदानाला येणं हे खोटं बोलणं आहे. आखातात नोकरीला असलेल्या भारतीय नागरिकांची गोष्ट वेगळी: त्यांनी फॉर्म ६-अ भरावा आणि मतदानाला स्वतः यावं.

प्रश्न: कॉलेजात "तुम्ही पोर्तुगीजांचे उरलेले" म्हणतात. काय उत्तर द्यावं? (वसई)

वसईतून पोर्तुगीज १७३९ मध्ये गेले. त्यानंतर इथले कॅथलिक मराठ्यांच्या, मग इंग्रजांच्या राज्यात शेती-मासेमारी करत राहिले. उत्तर द्यायचंच तर काका बाप्टिस्टा यांचं नाव सांगा: जोसेफ बाप्टिस्टा, माझगावच्या मातारपाखाडीचे ईस्ट इंडियन (मुंबई-वसईच्या मूळ ख्रिस्ती समाजातले) कॅथलिक, टिळकांचे सहकारी वकील, १९१६ च्या होमरूल लीगचे पहिले अध्यक्ष, १९२५ मध्ये मुंबईचे महापौर. त्यावरही समोरचा हसला तर सोडून द्या. दर वेळी दाखला काढून दाखवायचं कर्ज तुमच्यावर नाही.

प्रश्न: मतदान आज्ञा गुरुवारी (ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी) आलं तर काय करायचं?

२०१९ मध्ये आलं होतं: १८ एप्रिलला महाराष्ट्रातल्या दहा मतदारसंघांत. प्रभुभोजनाची मिस्सा संध्याकाळी असते, मतदान सकाळीच सुरू होतं. सकाळी सातला रांगेत उभे राहा. कोयरच्या मंडळींनी तर आधी मत द्यावं, मग सरावाला जावं.